धनुष्याची दोरी आणि 'साइन'

तुमच्या घरी नववी-दहावीचे मूल असेल, तर 'साइन थीटा, कॉस थीटा' हा घोष कानावर पडतच असेल. आईवडील म्हणतात, हे इंग्रजी आम्हांला काय कळणार? पण 'साइन' हा शब्द मुळात आपल्याकडूनच गेलेला आहे.

वर्तुळाच्या कडेचा एक तुकडा घ्या आणि त्याची दोन टोके सरळ रेषेने जोडा. ताणलेले धनुष्यच दिसेल. म्हणून जुन्या गणितींनी त्या रेषेला धनुष्याच्या दोरीचे नाव दिले : ज्या, किंवा जीवा. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीय' रचले. ग्रहगणितासाठी त्यात अर्ध्या दोरीचे २४ टप्प्यांचे कोष्टक आहे. तिचे नाव अर्धज्या. पुढे 'अर्ध' गळाले आणि नुसती ज्या, जीवा राहिली.

हे गणित अरबांकडे गेले. त्यांनी 'जीवा'चे 'जीब' केले. त्यांच्या भाषेत या शब्दाला काही अर्थ नव्हता. अरबी लिखाणात मात्र 'जीब' आणि 'जैब' सारखेच दिसतात, आणि जैब म्हणजे कपड्याची घडी, खिसा. हिंदीतली 'जेब' तीच! बाराव्या शतकात युरोपातल्या भाषांतरकारांनी खिसाच खरा धरला व लॅटिनमध्ये घडी, पोकळी या अर्थाचा 'सायनस' शब्द घातला. त्याचेच इंग्रजीत 'साइन' झाले. सर्दीत डॉक्टर ज्या सायनसचे नाव घेतात, तो शब्दही हाच.

आता मुलाचे भूमितीचे पुस्तक उघडा. वर्तुळाच्या धड्यात 'जीवा' आहे, त्रिकोणमितीच्या धड्यात 'साइन'. एकाच घरातल्या या दोन शब्दांची ओळख शाळेत सहसा कोणी करून देत नाही. ती तुम्ही करून द्या.

'कॉस'चे मात्र तसे नाही. आपल्याकडे 'कोटिज्या' होती, म्हणून कोसाइनमधला 'को'ही आपलाच, असे कोणी सांगेल. ते खरे नव्हे. तो 'को' पूरक या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा असून लंडनच्या एडमंड गुंटर यांनी तो १६२० मध्ये जोडला. जमीन मोजण्याची ६६ फुटी साखळीही याच गुंटरांची. तिच्या निम्मे म्हणजे ३३ फूट. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे तुमचा एक गुंठा.