पांढऱ्या रश्श्यातली खसखस
कामाची जागा, कामगाराचं शरीर : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण ब्रेथ ॲनालायझर पाहिला. शाहूवाडी तालुक्यातून आंबा घाट उतरणाऱ्या चालकानं नळीत फुंकर मारली की आकडा येतो, आणि दारूपुरतं तेवढ्यावर भागतं. मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमानं १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही हद्द आखूनच दिली आहे. त्याच कलमात पुढे अमली पदार्थ येतात आणि तिथं आकडा नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल, एवढंच कायदा म्हणतो. लघवीच्या तपासणीतून मात्र अंमल कळतच नाही. एखादा पदार्थ शरीरातून गेला, इतकंच कळतं. नियमित गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याची खूण काही आठवडे राहते. नशा तर कधीच उतरलेली असते.

आपल्या स्वयंपाकघरातलंच उदाहरण घेऊ. घरी पाहुणे आले, मटण शिजायला टाकलं की पांढऱ्या रश्श्याची तयारी सुरू होते. खसखस कोमट पाण्यात भिजते, मग काजू आणि तिळाबरोबर बोटाला कण लागू नये इतकी बारीक वाटली जाते. ही खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. बियांत स्वतःचं मॉर्फिन जवळपास नसतं, पण काढणीच्या वेळी बोंडाचा चीक त्यांना लागतो. धुतल्यावर बराचसा जातो, सगळा जातोच असं नाही. आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं हे बी वगळलं आहे, म्हणून ते किराणा दुकानात मिळतं. दुबईला जाताना मात्र हीच पुडी बॅगेत टाकू नये. तिथं ती निषिद्ध आहे.

आता समजा, त्या पंगतीतला एक मुलगा बोटीवर नोकरीला आहे. सुट्टी संपवून तो मुंबईला गेला, लघवीची तपासणी झाली आणि अहवालात मॉर्फिन आलं. प्रयोगशाळेनं हद्द खाली ठेवली असेल तर असं होऊ शकतं. हा कागद थेट कंपनीच्या टेबलावर गेला तर तिथला कारकून ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द वाचणार.

अमेरिकेनं १९८८ मध्ये सरकारी नोकरांच्या तपासणीचे नियम केले तेव्हा प्रयोगशाळा आणि साहेब यांच्या मध्ये एक डॉक्टर बसवला. मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर हे त्याचं पद. अहवाल आधी त्याच्याकडे येतो. तो कागद तपासतो : बाटलीचं सील शाबूत होतं का, क्रमांक जुळतो का, नमुना दिल्यावर चार मिनिटांच्या आत लघवीचं तापमान ३२ ते ३८ अंशांत भरलं का. मग तो त्या माणसाला स्वतः फोन करतो.

“गेल्या आठवड्यात खोकल्याचं औषध घेतलं होतंत का? कुणी लिहून दिलं? चिठ्ठी जपून ठेवलीय?”

हे प्रश्न फुकाचे नाहीत. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं आणि शरीर त्यातल्या काही भागाचं मॉर्फिन करतं. हेरॉइनची मात्र वेगळी खूण असते, ६-असिटिलमॉर्फिन. ती सापडली की खसखशीची सबब चालत नाही. खसखशीमुळेच तिथं १९९८ मध्ये प्राथमिक चाचणीची हद्द मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेली. वाहतूक क्षेत्राच्या नियमांत तर, आकडा १५,००० च्या खाली असेल आणि हेरॉइनची खूण नसेल, तर गैरवापराची लक्षणं डॉक्टरनं स्वतः तपासून शोधायची असतात. ती सापडली नाहीत तर निकाल निगेटिव्ह. १५,००० आणि त्यापुढे चिठ्ठी दाखवण्याची जबाबदारी कामगाराची, आणि खसखस खाल्ली हे कारण तिथं ऐकलं जात नाही.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती वेगळीच. चिठ्ठी खरी निघाली तर कंपनीला निगेटिव्ह कळतं. आजार कोणता, गोळी कोणती, हे सहसा डॉक्टरपाशीच राहतं. औषधानं झोप येत असेल आणि काम गाडी हाकण्याचं असेल, तर धोक्याची सूचना त्याला द्यावी लागते. त्याच्या कामातला सर्वांत अवघड प्रसंग हाच.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अशी तपासणी सुरू केली. वर्षाला किमान १० टक्के लोक, अचानक निवडून. पहिली चाचणी संशयास्पद आली की माणूस कामावरून बाजूला होतो, पण शिक्का बसण्याआधी दुसरी, पक्की चाचणी लागते.

नुसत्या नजरेवर विसंबणंही तितकंच घातक. सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये बच्चुभाई हसनअली कारियानी यांच्या खटल्यात सांगितलं, की तोंडाला वास, लटपटती चाल, असंबद्ध बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून, रक्त-लघवी न तपासता, माणूस प्यायलेला होता असं ठरवता येत नाही. रात्री अपघातातला चालक समोर आणला जातो तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरला ही दोन्ही टोकं सांभाळावी लागतात.

तुमच्या नोकरीच्या करारात तपासणीचं कलम असेल तर सही करण्याआधी एवढं विचारून घ्या : अहवाल साहेबाकडे जाण्याआधी मला फोन कोण करणार?