डिश चोरली, तरी इंटरनेट मिळेल?

18 ऑगस्ट 2022 रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. आत एके-47 रायफली सापडल्या आणि रायगडभर नाकाबंदी झाली. ‘लेडी हान’ नावाची ही बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेची, इंजिन बिघडल्यावर भर समुद्रात सोडून द्यावी लागलेली, हे कळल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मालकीची नोंद सापडली की केवढा घोर मिटतो!

उपग्रह इंटरनेटच्या डिशचा सारा भरवसाही नोंदीवरच आहे. स्टारलिंकसारख्या सेवेत प्रत्येक डिशला स्वतंत्र क्रमांक असतो. तो कुणाच्या खात्याला जोडलाय, हे तपासल्यावरच कंपनीची यंत्रणा इंटरनेट सुरू करते. चोरीची तक्रार झाली की त्या क्रमांकाची सेवा रोखता येते.

त्यामुळे जुनी डिश घेणाऱ्याने जपून राहावं. विकणाऱ्याने थकबाकी भरून ती स्वतःच्या खात्यातून मोकळी केली आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा. नुसती पावती हातात घेऊन भागत नाही. क्रमांक तुमच्या खात्यात चढायला हवा. परदेशातून कुणी आणलेली डिश तर घेऊच नका. अशा उपकरणांना आपल्याकडे परवाना लागतो; विनापरवाना उपग्रह फोन बाळगणंही गुन्हा आहे.