प्रोस्टेटची बायोप्सी : सुईची भीती नको

किहीमचे नाव पक्षिशास्त्रात गेले ते डॉ. सलीम अली यांच्यामुळे. १९३० मध्ये त्यांनी येथे सुगरणीच्या घरट्यांचा बारकाईने अभ्यास केला. १९८७ मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांचे निधन झाले ते प्रोस्टेटच्या कर्करोगाने.

प्रोस्टेट म्हणजे पौरुषग्रंथी. मूत्राशयाच्या खाली असलेली ही ग्रंथी साधारण अक्रोडाएवढी असते. पूर्वी गुदद्वारातून बोटाने तपासताना टणक गाठ लागली, तर तिथलाच तुकडा काढत. अल्ट्रासाऊंडच्या मदतीने संपूर्ण ग्रंथीतून ठरावीक ठिकाणचे सहा नमुने घेण्याची पद्धत १९८९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉक्टरांनी मांडली. आता सहसा दहा ते बारा नमुने घेतात.

इतके नमुने कशासाठी? अल्ट्रासाऊंडमध्ये ग्रंथी स्पष्ट दिसते, पण त्यातला कर्करोग अनेकदा दिसत नाही. म्हणून प्रत्येक भागातून थोडे थोडे घ्यावे लागते. आधी एमआरआय केल्यास संशयास्पद जागा कळते आणि सुई नेमकी तिथेही नेता येते.

रक्तातील पीएसए वाढला म्हणजे कर्करोगच, असे नाही. वयोमानानुसार ग्रंथी वाढल्याने किंवा जंतुसंसर्गानेही तो वाढतो. खात्री होते ती बायोप्सीनेच.

जागा बधिर करून बोटाएवढ्या जाडीचा प्रोब गुदद्वारात ठेवतात. सुई गुदाशयातून किंवा अंडकोश व गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून घालतात. दुसऱ्या पद्धतीत जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत.

नंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसू शकते. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र थांबू नये. मुंबईत बायोप्सी करून बोटीने किहीमला परतलेल्या रुग्णाने पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठावे.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या समजुतीपायी अनेकजण तपासणी टाळतात. प्रोस्टेटच्या बायोप्सीत असे घडणे अत्यंत विरळ. निदान लांबले, तर मात्र आजार हाडांपर्यंत पोहोचू शकतो. तेव्हा उपचाराने तो आटोक्यात ठेवता येतो, पण मुळापासून बरा करणे अवघड होते.