कृत्रिम रेशीम आणि त्याचे द्रावक

रेशमासाठी कोष उकळत्या पाण्यात टाकावे लागतात व आतील जीव मरतो, हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यामुळे लाकडाच्या लगद्यापासून केलेले ‘कृत्रिम रेशीम’ अहिंसेच्या दृष्टीने निर्दोष वाटावे, यात नवल नाही. ग्वाल्हेर रेयॉन कंपनी १९४७ साली स्थापन झाली व १९५४ साली नागदा येथे तिचा तंतूंचा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून हा माल माळव्याच्या बाजारास परिचित आहे. तथापि तो निर्दोष आहे किंवा कसे, हे केवळ कच्च्या मालावरून ठरत नाही. तो कशात विरघळविला, हेही पाहावे लागते.

लाकडातील सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही आणि तापविल्यास वितळण्याऐवजी जळते. १८९२ साली क्रॉस, बेव्हन व बीडल या इंग्रज रसायनज्ञांनी यावर युक्ती काढली. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया केली, की मधासारखा दाट द्रव होतो. तो सूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला, की पुन्हा सेल्युलोजचा तंतू बनतो. हाच व्हिस्कोज रेयॉन. यात सेल्युलोजच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के कार्बन डायसल्फाइड लागते. ते तंतूत राहत नाही, शेवटी बाहेर पडते. चांगले कारखाने त्यातील बराच भाग पकडून पुन्हा वापरतात. पण जेथे ही दक्षता नाही, तेथे दीर्घकाळ काम करणाऱ्यांचे मज्जातंतू, हृदय व मनही बिघडते. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा समावेश आहे, याचे येथे स्मरण होते.

यावरील उपाय म्हणजे लायोसेल. एन-मिथिल-मॉर्फोलीन-एन-ऑक्साइड असे लांबलचक नाव असलेले द्रावक थोड्या पाण्यासह सुमारे १०० अंशांवर तापवितात आणि त्यात लगदा जसाच्या तसा विरघळवितात. रासायनिक रूपांतर नाही, गंधकही नाही. धार पाण्यात उतरली की तंतू घट्ट होतो व द्रावक पाण्यात राहते. पाणी आटवून ते ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळवितात. हे द्रावक महाग असल्याने परत मिळविणे कारखानदारास भागच पडते, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ त्यातच आहे. मात्र ते अति तापल्यास स्फोटाचे भय असते, म्हणून त्यात स्थिरकारी द्रव्य घालतात. कोर्टोल्ड्‌स कंपनीने १९९२ साली अमेरिकेतील मोबील शहरी व ऑस्ट्रियाच्या लेंझिंग कंपनीने १९९७ साली हायलिगेनक्रॉइत्स येथे याचे मोठे कारखाने चालू केले. लाकूड कोणत्या वनातून आले, हा प्रश्न मात्र येथेही उरतोच.

दुकानदाराच्या दृष्टीने पाहता व्हिस्कोज ओले झाले की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते, तर लायोसेल पुष्कळ टिकते. परंतु ओलेपणी घासले गेल्यास त्यावर बारीक लव उठते, आणि भावही चढा असतो.

‘मोडाल’ हा सुधारलेला व्हिस्कोजच होय. ‘बांबूचे कापड’ म्हणून येणारा मऊ मालही बहुधा बांबूच्या लगद्याचा व्हिस्कोज असतो, म्हणजे त्यातही कार्बन डायसल्फाइड आलेच. असा माल नुसता ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ साली विक्रेत्यांवर कारवाई केली. तेव्हा गाठ उचलण्यापूर्वी पुरवठादाराकडून ‘व्हिस्कोज’ की ‘लायोसेल’ हे बिलावर स्पष्ट लिहून घ्यावे.