मालमोटारीचे स्टिअरिंग जड का होते?

माल भरलेल्या ट्रकच्या पुढच्या आसावर कित्येक टनांचा भार असतो. अशा भाराखालील चाके केवळ हाताच्या बळाने वळविणे चालकास फार कष्टाचे जाते. ह्या कामी तेलाच्या दाबाचे साहाय्य घेण्याची युक्ती फ्रान्सिस डेव्हिस ह्या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली प्रत्यक्ष गाडीवर यशस्वी करून दाखविली. डेव्हिस पूर्वी मालमोटारींच्याच कारखान्यात होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

एंजिनाच्या शक्तीने चालणारा पंप टाकीतील तेल स्टिअरिंगच्या पेटीकडे ढकलतो. चक्र फिरविताच पेटीतील झडप किंचित सरकते, तेल दट्ट्याच्या एका बाजूस शिरते आणि चाके वळविण्याचे बहुतेक श्रम दट्ट्या आपल्याकडे घेतो. एंजिन बंद पडले तरी चक्र व चाके ह्यांचा यांत्रिक सांधा तुटत नाही. मात्र सगळा भार एकाएकी चालकाच्या दंडांवर येतो. डिझेल वाचविण्यासाठी घाटाच्या उतारावर एंजिन बंद करण्याची सवय म्हणूनच घातक होय.

स्टिअरिंग जड झाले की पंपास दोष देण्याची घाई केली जाते. वास्तविक पुढच्या टायरांत हवा कमी असली किंवा किंगपिनांस ग्रीस मिळाले नसले, तरीही चक्र जडच लागते. ते पाहून झाल्यावर टाकीतील तेल तपासावे. तेलावर फेस असेल व पंप कण्हल्यासारखा आवाज करीत असेल, तर आत हवा शिरली आहे असे समजावे. पंप पट्ट्यावर चालणारा असल्यास पट्टा सैल आहे काय, तेही पाहावे.

चक्र एकाच दिशेस जड लागत असेल, तर पंप बहुधा निर्दोष असतो. कारण दोन्ही दिशांना तेल पुरविणारा पंप एकच. अशा वेळी दोष पेटीतील झडपेत किंवा दट्ट्याच्या सीलमध्ये शोधावा. दोन्ही दिशांना जड असल्यास पंप व पेटी ह्यांच्या मध्ये दाबमापक आणि त्याच्या पुढे तोटी बसवितात. एंजिन चालू ठेवून तोटी क्षणभर मिटली असता निर्मात्याने सांगितलेला दाब दिसला, तर पंप ठीक आहे. दोष पुढे आहे. दाब चढलाच नाही, तर पंप किंवा त्याची दाबमर्यादक झडप उघडून पाहावी. तोटी पाच सेकंदांहून अधिक काळ मिटून ठेवू नये, नाहीतर चांगला पंपही परीक्षेतच बिघडावयाचा.

चक्रात ढिलाई असून गाडी रस्त्यावर भरकटत असेल, तर मात्र तेलाचा संबंध थोडा. दांड्यांच्या टोकांचे झिजलेले सांधे पाहावेत.

गळती शोधताना नळीवरून बोट कधीही फिरवू नये. आतील दाब दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोग्रॅमच्याही वर जातो. बारीक छिद्रातून उडणारी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही; पण तत्काळ शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. ह्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळ धरावा. त्यावर डाग उमटेल तेथे छिद्र.

दुरुस्तीनंतर पुढचा आस उचलून घोडीवर टेकवावा, एंजिन मंद चालवावे आणि चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. टोकाशी ते दाबून धरू नये, तेल तापते. बुडबुडे थांबेपर्यंत टाकीत तेल घालीत राहावे.