‘ग्रामयात्रा’ : चौकटीबाहेर गेलेला हात



मॉडर्न आर्ट म्हटलं की आपल्यापैकी बरेच जण दोन पावलं मागे सरतात. आम्हीही त्यातलेच. भारतातून आलेल्या पाहुण्यांना टेट मॉडर्न दाखवायला न्यायचं आणि त्यांनी "हे नक्की काय आहे?" असं विचारलं, की कॅफेचा रस्ता धरायचा! पण एका चित्राने आमची ही सवय मोडली.

ते चित्र म्हणजे मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’. हुसेन यांचा जन्म १९१५ सालचा, आपल्या पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाची पोस्टर्स रंगवून त्यांनी दिवस काढले. १९४७ साली सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. युरोपातल्या नव्या शैली शिकायच्या, पण चित्र आपल्या मातीचं काढायचं, ही त्यांची धडपड.

‘ग्रामयात्रा’ जवळजवळ १४ फूट लांब आहे. त्यात एकच मोठा देखावा नाही, तर लहानमोठ्या १३ चौकटी आहेत. कुठे स्वयंपाक, कुठे मुलाला सांभाळणारी आई, कुठे गाडीतून प्रवास. बहुतेक ठिकाणी बायकाच! क्यूबिझममध्ये माणूस फोटोसारखा दिसत नाही, तो साध्या सपाट आकारांत मांडलेला असतो. तसंच इथेही आहे. पण रंगांची ऊब पहाडी लघुचित्रांची आणि देहाची ठेवण मथुरेच्या शिल्पांची. हे दोन्ही हुसेन यांनी १९४८ साली दिल्लीच्या प्रदर्शनात पाहिलं होतं.

एका चौकटीत शेतकरी उभा आहे. त्याचा हात चौकट ओलांडून शेजारच्या चित्रात जातो आणि तिथली जमीन तोलून धरतो. आम्हाला सगळ्यात आवडला तो हा हात.

आता चित्राची पुढची गोष्ट. नॉर्वेचे डॉ. व्होलोदार्स्की जागतिक आरोग्य संघटनेतर्फे दिल्लीत छातीच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण सुरू करायला आले होते. १९५४ मध्ये त्यांनी हे चित्र विकत घेतलं आणि १९६४ मध्ये ते ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे गेलं. तिथे ते अनेक दशकं भिंतीवर होतं. १९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात त्याला सुमारे १.३८ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास ११८ कोटी रुपये मिळाले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत आली नव्हती. हा पैसा नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी!

हुसेन हे पाहायला नव्हते. शेवटची वर्षं परदेशात काढून ९ जून २०११ रोजी ते लंडनमध्ये गेले. सरेमधल्या ब्रुकवुडला त्यांची कबर आहे.

मंडळी, आपल्या भिंतीवर काही कोटींचं चित्र नाही. पण दिलेलं दान किती लांब पोचेल, हे देताना कुणाला कळतं? तेव्हा देणगीचा फॉर्म जरूर भरा. इथे कर भरत असाल तर ‘गिफ्ट एड’वर टिक करायला विसरू नका. प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकार घालतं. तेवढाच आपला हात चौकटीबाहेर!