पूजेचे वस्त्र आणि धाग्याचा उगम

शहापूर-मुरबाडच्या मुसळधार पावसात चातुर्मास येतो आणि पर्युषणासाठी लेकी-नातींचे नवे पोशाख घरीच बेतले जाऊ लागतात. पूजेला रेशीमच हवे, असा आग्रह काही घरांत आजही असतो. परंतु कापड घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

नेहमीच्या पद्धतीत अखंड धागा मिळावा म्हणून कोशातील जीव उष्णतेने मारला जातो. पतंगाला बाहेर पडू दिले तर कोश भेदला जातो. मग धागा उलगडता येत नाही, सूत कातावे लागते. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी याच मार्गाने ‘अहिंसा रेशीम’ विकसित केले. त्याची चमक मंद आणि किंमत अधिक. २००४ साली सुरू झालेला ‘सिल्क मार्क’ ही रेशमाच्या शुद्धतेची खूण आहे, अहिंसेची नव्हे. हा भेद व्यापारी कुटुंबांनी तरी ध्यानी ठेवावा.

आपल्याकडच्या दमट हवेत मुलींसाठी मलमल किंवा केंब्रिक हे तलम सुती कापड उत्तम. जाडेभरडे कापड पावसाळ्यात लवकर वाळत नाही. बेतण्यापूर्वी कापड धुऊन वाळवावे, म्हणजे शिवल्यावर आटत नाही. शंका आल्यास कडेचे दोन धागे जाळून पाहावेत. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला जळक्या केसांचा; पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

गिऱ्हाइकाने विचारल्यास दुकानदारानेही धाग्याचा उगम स्पष्ट सांगावा. तो विचारण्याची सवय मात्र प्रथम आपल्याच घरात लागावी.